जोशीमठ : देवाच्या वाटेवरचा मुक्काम

प्रस्तावना

तीर्थयात्रा हा भारतीय लोकजीवनाचा एक जुना धागा आहे. आषाढात पंढरीची वाट चालणारा शेतकरी, काशीहून गंगाजल घेऊन येणारी आजी, नवस फेडण्यासाठी डोंगर चढणारे नवदांपत्य यांना तुम्ही पाहिले असेल. कदाचित तुम्ही स्वतःही एखाद्या यात्रेला गेला असाल. यात्रेला निघालेला माणूस देवाचे दर्शन घेतोच. पण त्याबरोबर वाटेवरचा प्रदेश, तेथील माणसे आणि निसर्गही पाहत असतो.

या पाठात आपण उत्तराखंड राज्यातील जोशीमठ या तीर्थनगराची आणि त्याच्या परिसराची ओळख करून घेणार आहोत. बद्रीनाथला जाणारा यात्रेकरू येथे मुक्काम करतो. हे नगर पवित्र आहे, सुंदर आहे. आणि आज ते संकटातही आहे. ते संकट कोणते व त्याचा यात्रेकरूशी काय संबंध आहे, हेही आपण पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –

• जोशीमठचे भौगोलिक स्थान आणि धार्मिक महत्त्व सांगता येईल;
• परिसरातील प्रेक्षणीय स्थळांची माहिती देता येईल;
• परंपरेतील संकेत आणि शास्त्रज्ञांचे इशारे यांतील साम्य ओळखता येईल;
• डोंगराळ भागात जाणाऱ्या प्रवाशाची जबाबदारी स्पष्ट करता येईल;
• सामासिक शब्दांचा विग्रह करता येईल.

मूळ पाठ

१. वाट

ऋषिकेश सोडले की गंगेचे मैदान मागे पडते आणि रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो. येथून बद्रीनाथ सुमारे २९५ किलोमीटर अंतरावर आहे. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि दरीच्या तळाशी खळाळणारी नदी, अशी ही वाट आहे. देवप्रयाग येथे भागीरथी आणि अलकनंदा एकमेकींना भेटतात. तेथून पुढच्या प्रवाहाला गंगा हे नाव मिळते. यात्रेकरू मात्र अलकनंदेचा हात धरून वर चढू लागतो. रुद्रप्रयागला तिला मंदाकिनी मिळते, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी आणि सर्वांत वर विष्णुप्रयागला धौलीगंगा. हे पंचप्रयाग म्हणजे जणू या वाटेवरचे पाच उंबरठे होत. यात्रेकरू वर जात असतो आणि नदी त्याला सामोरी येत असते.

आज मोटारीने हे अंतर एक-दोन दिवसांत कापता येते. जुन्या काळी मात्र यात्रेकरू पायी जात. घर सोडताना परत येण्याची खात्री नसे; म्हणून लोक आप्तेष्टांचा निरोप घेऊन, देणीघेणी मिटवून निघत. वाटेत ठरावीक अंतरावर ‘चट्टी’ नावाचे साधे निवारे असत. चट्टीवरच्या दुकानदाराकडून शिधा घ्यायचा, त्याच्याकडचीच भांडी वापरून स्वयंपाक करायचा, रात्री तेथेच पाठ टेकायची आणि पहाटे पुढे निघायचे, असा क्रम असे. ज्याला चालवत नसे, त्याला ‘कंडी’ म्हणजे पाठीवरच्या टोपलीत किंवा चार माणसांनी उचललेल्या ‘दांडी’त बसवून नेत. बद्रीनाथच्या अलीकडे असलेल्या हनुमान चट्टी या ठिकाणाच्या नावात त्या दिवसांची आठवण आजही टिकून आहे.

त्या वाटेवर कष्ट पुष्कळ होते. पण तिच्यात एक शहाणपणही होते. चालायचे असल्यामुळे माणूस मोजकेच सामान घेई. दररोज थोडे थोडे वर चढल्यामुळे शरीराला विरळ हवेची सवय होई. आणि एका वेळी थोडीच माणसे येत असल्यामुळे डोंगरालाही त्यांचा भार जाणवत नसे.

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांना मोठे महत्त्व आले. मोटाररस्ते पुढे सरकत बद्रीनाथपर्यंत पोहोचले. ज्या वृद्धांना आणि आजारी माणसांना हे दर्शन कधीच घडले नसते, त्यांनाही ते घडू लागले. ही लहान गोष्ट नव्हे. मात्र वाट जसजशी सोपी झाली, तसतसे डोंगरावरचे ओझे वाढत गेले.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. भागीरथी आणि अलकनंदा यांचा संगम ........ येथे होतो.
२. पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या साध्या निवाऱ्याला ........ म्हणत.
(आ) पायी यात्रेत कोणते शहाणपण होते? दोन गोष्टी लिहा.

२. नगर

चमोली जिल्ह्यात, अलकनंदा व धौलीगंगा यांच्या संगमाच्या वर, डोंगराच्या उतारावर जोशीमठ वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,८९० मीटर आहे. बद्रीनाथ येथून सुमारे ४५ किलोमीटर दूर आणि सुमारे १,२०० मीटर उंच आहे. त्यामुळे येथे एक रात्र काढून पुढे जाणे शरीराच्या दृष्टीने हिताचे ठरते.

आद्य शंकराचार्यांनी देशाच्या चार दिशांना चार मठ स्थापन केले, असे परंपरा सांगते. दक्षिणेला शृंगेरी, पश्चिमेला द्वारका, पूर्वेला पुरी आणि उत्तरेला ज्योतिर्मठ. ‘ज्योतिर्मठ’ या नावाचेच बोलीत ‘जोशीमठ’ झाले. २०२४ मध्ये येथील तहसिलीला पुन्हा ‘ज्योतिर्मठ’ हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. तरी लोकांच्या तोंडी जुने नाव रुळलेले आहे. येथे तुतीचा एक प्रचंड जुना वृक्ष आहे. त्याला ‘कल्पवृक्ष’ म्हणतात. याच वृक्षाखाली आचार्यांनी तपश्चर्या केली, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

नगराचे हृदय म्हणजे नृसिंहमंदिर. या मंदिरातील नृसिंहाच्या मूर्तीविषयी एक लोककथा सांगितली जाते. मूर्तीचे एक मनगट दरवर्षी थोडे थोडे बारीक होत आहे. ज्या दिवशी तो हात गळून पडेल, त्या दिवशी बद्रीनाथच्या वाटेवरचे जय आणि विजय हे दोन पर्वत एकमेकांना भिडतील आणि वाट कायमची बंद होईल. त्यानंतर देवाचे दर्शन ‘भविष्यबद्री’ येथे घडेल. हे भविष्यबद्रीचे लहानसे मंदिर जोशीमठच्या पूर्वेला, तपोवनच्या पलीकडे, देवदारांच्या रानात आहे.

ही कथा ऐकणाऱ्याला प्रथम नवल वाटते. परंतु थोडा विचार केला, तर तिच्यामागचा अनुभव ध्यानात येतो. डोंगर अढळ असतो, असे मैदानातल्या माणसाला वाटते. डोंगरात राहणाऱ्याला मात्र ठाऊक असते, की डोंगरही सरकतो, ढासळतो, वाट गिळून टाकतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे ज्ञान लोकांनी कथेच्या रूपाने जपून ठेवले आहे.

जोशीमठला आणखी एक मान आहे. बद्रीनाथ मंदिर वर्षातून सुमारे सहा महिनेच उघडे असते. कपाट उघडण्याचा दिवस वसंतपंचमीला जाहीर होतो, तर बंद करण्याचा दिवस विजयादशमीला. एप्रिल-मेमध्ये उघडलेली कपाटे नोव्हेंबरमध्ये मिटतात. तेव्हा उद्धव व कुबेर यांच्या मूर्ती पांडुकेश्वर येथे नेतात आणि शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नृसिंहमंदिरात आणतात. सहा महिने माणसांनी पूजा करावी आणि सहा महिने देवांनी, अशी ही वाटणी आहे. बर्फाच्या दिवसांत माणसाने डोंगर सोडून खाली यावे, हा निसर्गाचा नियमच येथे धर्माचा नियम झाला आहे.

पाठगत प्रश्न २

(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. जोशीमठ बद्रीनाथपेक्षा अधिक उंचीवर आहे.
२. येथील ‘कल्पवृक्ष’ हा तुतीचा वृक्ष आहे.
३. बद्रीनाथ मंदिर वर्षभर उघडे असते.
(आ) नृसिंहमूर्तीच्या लोककथेतून डोंगराविषयीचे कोणते ज्ञान व्यक्त होते?

३. परिसर

जोशीमठहून निघालेला रस्ता उतरत विष्णुप्रयागाशी येतो आणि तेथून पुन्हा चढू लागतो. पांडुकेश्वर आणि हनुमान चट्टी मागे टाकली, की दरी एकाएकी रुंदावते आणि अलकनंदेच्या काठी बद्रीनाथचे रंगीत महाद्वार दिसते. मागे ६,५९६ मीटर उंचीचे नीलकंठ शिखर उभे असते. पहाटेच्या पहिल्या किरणांत ते आधी तांबूस आणि मग सोन्यासारखे दिसू लागते. मंदिरापुढे तप्तकुंड आहे. सभोवार थंडी असताना या कुंडातून वाफा निघत असतात. भाविक तेथे स्नान करून दर्शनाला जातात. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची पद्मासनस्थ मूर्ती आहे. तिला परिसरात उगवणाऱ्या सुवासिक ‘बद्री तुळशी’ची माळ वाहतात.

हे मंदिर भारताच्या एकतेचेही दर्शन घडवते. हिमालयातील या मंदिराचे मुख्य पुजारी ‘रावळ’ हे दूर दक्षिणेकडील केरळचे नंबुद्री ब्राह्मण असतात. मराठी वाचकालाही येथे एक ओळखीचे नाव भेटते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी देशभरातील तीर्थांवर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. बद्रीनाथच्या यात्रेकरूंसाठीही त्यांनी सोयी केल्या. थकलेल्याला निवारा आणि तहानलेल्याला पाणी, हाच त्यांच्या दानधर्माचा गाभा होता.

बद्रीनाथच्या पुढे तीन किलोमीटरवर माणा हे सीमेजवळचे गाव आहे. त्याला पूर्वी ‘भारतातील शेवटचे गाव’ म्हणत; २०२२ पासून ‘पहिले गाव’ म्हणू लागले आहेत. येथील भोटिया लोक पूर्वी तिबेटशी व्यापार करीत. १९६२ नंतर तो व्यापार थांबला. उन्हाळ्यात ही मंडळी माण्यात राहतात, लोकर विणतात, बटाट्याची शेती करतात आणि हिवाळ्यात खालच्या गावांत उतरतात. मंदिर बंद होताना मूर्तीला तुपात भिजवलेली लोकरीची घोंगडी पांघरतात. ती माण्याच्या स्त्रिया आणि मुलीच विणतात. गावाजवळ व्यासगुंफा, गणेशगुंफा, सरस्वती नदी आणि तिच्यावर आडवी पडलेली प्रचंड शिळा आहे. या शिळेला भीमपूल म्हणतात. व्यासांनी येथे महाभारत सांगितले आणि गणेशाने ते लिहून घेतले, असे स्थानिक लोक श्रद्धेने सांगतात.

बद्रीनाथच्या वाटेवरच गोविंदघाट लागते. तेथून घांघरियाकडे जाऊन एक पायवाट हेमकुंड साहिब या शीख बांधवांच्या तीर्थाकडे चढते. चार हजार मीटरहून अधिक उंचीवरचे ते निळे सरोवर आणि त्याच्या काठचा गुरुद्वारा पाहताना थकवा नाहीसा होतो. दुसरी वाट फुलांच्या दरीत जाते. १९३१ मध्ये फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक शिखर सर करून परतत असताना या दरीत उतरला आणि तिच्या सौंदर्याने थक्क झाला. १९८२ मध्ये ही दरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाली आणि २००५ मध्ये तिचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. जुलै-ऑगस्टमध्ये येथे शेकडो जातींची फुले उमलतात. मात्र दरीत मुक्काम करण्यास मनाई आहे. सकाळी जायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी परत फिरायचे. जणू दरीलाही रात्री एकांत हवा असतो.

जोशीमठच्या वर औलीची कुरणे आहेत. हिवाळ्यात तेथे बर्फावर घसरण्याचा खेळ रंगतो आणि निरभ्र दिवशी ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर दिसते. पूर्वेकडे, धौलीगंगेच्या खोऱ्यात, तपोवनचे गरम पाण्याचे झरे आहेत. त्याच रस्त्याने पुढे गेले की रैणी हे गाव लागते. तेथे ना मोठे मंदिर आहे, ना सरोवर. तरीही या गावाला वंदन करावे, असा इतिहास तेथे घडला आहे. २६ मार्च १९७४ रोजी गावातील पुरुष बाहेरगावी गेलेले असताना ठेकेदाराची माणसे जंगल तोडण्यासाठी आली. तेव्हा गौरादेवी आणि त्यांच्यासोबतच्या २७ स्त्रिया झाडांच्या आड उभ्या राहिल्या आणि त्यांनी रात्रभर जंगल राखले. ‘चिपको’ आंदोलनातील हा सोनेरी प्रसंग होय. चार वर्षांपूर्वीच, १९७० मध्ये, अलकनंदेला महापूर आला होता. डोंगरावरचे जंगल गेले की दगडमाती मोकळी होते आणि ती आपल्याच घरावर येते, हे त्या स्त्रियांनी अनुभवाने जाणले होते.

पाठगत प्रश्न ३

(अ) योग्य जोड्या लावा.
‘अ’ गट : १. माणा २. रैणी ३. औली ४. हेमकुंड साहिब
‘ब’ गट : (क) चिपको आंदोलन (ख) शीख तीर्थ (ग) भीमपूल (घ) बर्फावरचे खेळ
(आ) बद्रीनाथ मंदिर भारताच्या एकतेचे दर्शन कसे घडवते?

४. इशारा

रैणीच्या स्त्रियांनी जे ओळखले होते, तेच थोड्याच काळात जाणकारांनीही सांगितले. जोशीमठमध्ये जमीन खचू लागल्यामुळे १९७६ मध्ये गढवालचे आयुक्त महेशचंद्र मिश्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. समितीचा निष्कर्ष स्पष्ट होता. जोशीमठ अखंड खडकावर वसलेले नाही. फार पूर्वी कोसळलेल्या दरडीच्या दगडमातीवर वसलेले आहे. म्हणून येथे अवजड बांधकामांवर बंधने घालावीत, उतारावरचे मोठे दगड खणून किंवा सुरुंग लावून काढू नयेत, झाडे तोडू नयेत, उलट नवी लावावीत, आणि पाण्याचा निचरा पक्क्या गटारांतून करावा, अशा सूचना समितीने केल्या.

इशारा कागदावर राहिला. गाव मात्र वाढत गेले. यात्रेकरू आणि प्रवासी वाढले, तशी त्यांच्यासाठी बहुमजली हॉटेले उभी राहिली. सांडपाण्याची पुरेशी व्यवस्था नसल्याने ते शोषखड्ड्यांतून सैल मातीतच मुरत राहिले. पायथ्याशी नद्यांनी काठ कुरतडला. परिसरात रस्ते रुंद होऊ लागले आणि जलविद्युत प्रकल्पांसाठी बोगदे खणले गेले.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी नंदादेवीच्या परिसरात एका शिखरावरून खडक आणि बर्फ यांचा प्रचंड कडा कोसळला. ऋषिगंगा आणि धौलीगंगा यांना अकस्मात पूर आला. रैणी व तपोवन येथे २०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. त्यांत प्रकल्पांवर काम करणारे मजूर मोठ्या संख्येने होते. पुढे रैणीची जमीनही खचू लागली आणि गौरादेवींचा पुतळा सुरक्षिततेसाठी तेथून हलवावा लागला. ज्यांनी डोंगर राखला, त्यांच्याच गावावर ही वेळ यावी, यापरते दुःख कोणते?

जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या घरांना रुंद तडे गेले. अंगणे दुभंगली, भिंती कलल्या, एका वस्तीत जमिनीतून गढूळ पाणी उसळू लागले. ८०० हून अधिक इमारतींना तडे गेल्याची नोंद झाली. शेकडो कुटुंबांना कडाक्याच्या थंडीत घर सोडून शाळा, वसतिगृहे, हॉटेले येथे आसरा घ्यावा लागला. एकमेकांवर कलंडलेली दोन हॉटेले उतरवावी लागली आणि औलीला जाणारा रज्जुमार्ग थांबवण्यात आला. जमीन खचण्यात बोगद्यांचा वाटा किती आणि सांडपाण्याचा किती, याविषयी स्थानिक रहिवासी, प्रकल्पाचे अधिकारी आणि शास्त्रज्ञ यांच्यात मतभेद आहेत. परंतु या उतारावर त्याला पेलवेल त्याहून अधिक भार पडला, हे नाकारता येत नाही.

ज्यांनी आयुष्यभर यात्रेकरूंना निवारा दिला, त्यांनाच निवारा शोधण्याची पाळी आली. यात्रेकरू दोन दिवसांनी आपल्या गावी परततो. जोशीमठच्या रहिवाशाला मात्र त्याच डोंगरावर उद्या जगायचे असते. त्याची उपजीविकाही यात्रेवरच चालते. म्हणून ‘यात्रा बंद करा’ असे म्हणणे सोपे असले, तरी न्यायाचे नाही. यात्रा कशी करावी, हा खरा प्रश्न आहे.

५. मर्यादा

या प्रश्नाचे उत्तर परंपरेतच दडलेले आहे. वर्षातील सहा महिने देवाचे दार मिटलेले असते. फुलांच्या दरीत रात्री कोणी राहत नाही. बद्रीनाथला शंख वाजवत नाहीत. तेथे लक्ष्मी तपश्चर्येत मग्न होती, म्हणून ही शांतता पाळतात, असे सांगतात. या सर्व रूढींचा अर्थ एकच आहे : येथे ये, पण मर्यादेने ये.

आजच्या यात्रेकरूला चट्टीच्या काळात परत जाता येणार नाही. पण त्या काळचा संयम त्याला पाळता येईल. यात्रेपूर्वी शासनाकडे रीतसर नोंदणी करावी, म्हणजे गर्दीचे नियोजन करता येते. घाईघाईने एका दिवसात वर धावण्याऐवजी मधे मुक्काम करावा. उंचीवर डोके दुखणे, मळमळणे, धाप लागणे ही लक्षणे दिसली, तर विश्रांती घ्यावी आणि त्रास वाढल्यास ताबडतोब खाली उतरावे. पावसाळ्यात दरडी कोसळतात. रस्ता बंद असल्याची सूचना मिळाल्यास वाहनचालकावर पुढे जाण्याची सक्ती करू नये. प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेष्टने आपल्या पिशवीत परत आणावीत. पाणी जपून वापरावे; कारण डोंगरात वापरलेले पाणी कोठेतरी मुरतेच. मुक्काम साध्या घरात करावा आणि खरेदी माण्याच्या विणकरणीकडून करावी, म्हणजे यात्रेचा पैसा डोंगरातच राहील.

आणि वाटेवर थांबून एक क्षण त्यांचीही आठवण करावी, जे ही वाट उघडी ठेवतात. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माण्याजवळ झालेल्या हिमस्खलनात सीमेवरच्या रस्त्यांसाठी राबणारे मजूर सापडले. त्यांतील अनेकांना वाचवण्यात यश आले. आठ जणांना मात्र प्राण गमवावे लागले. यात्रेकरूच्या पुण्यात त्यांच्या घामाचाही वाटा आहे.

नृसिंहाचा हात गळून पडेल तेव्हा वाट बंद होईल, असे कथा सांगते. तो हात गळू न देणे काही अंशी तरी माणसाच्या हाती आहे. देवाचे दर्शन घेऊन परतताना देवाचा डोंगर होता तसा मागे ठेवणे, हीच यात्रेची खरी सांगता होय.

शब्दार्थ

कपाट – मंदिराचे दार
शिधा – स्वयंपाकासाठी लागणारे कोरडे धान्य व इतर जिन्नस
पद्मासनस्थ – पद्मासनात बसलेली
तुती – ज्याच्या पानांवर रेशमाचे किडे पोसतात तो वृक्ष
हिमस्खलन – डोंगरावरचा बर्फ एकाएकी घसरून खाली येणे
शोषखड्डा – सांडपाणी जमिनीत मुरावे म्हणून केलेला खड्डा
रज्जुमार्ग – जाड तारेवरून पाळणे नेण्याची व्यवस्था
सांगता – शेवट, समाप्ती

भाषाभ्यास : सामासिक शब्द

दोन किंवा अधिक शब्द एकत्र येऊन जो जोडशब्द तयार होतो, त्याला सामासिक शब्द म्हणतात. त्याची फोड करून सांगणे म्हणजे विग्रह. पाठात आलेली पुढील उदाहरणे पाहा.

दगडमाती – दगड आणि माती (द्वंद्व)
पंचप्रयाग – पाच प्रयागांचा समूह (द्विगू)
तप्तकुंड – तप्त असे कुंड (कर्मधारय)
गंगाजल – गंगेचे जल (तत्पुरुष)
दरवर्षी – प्रत्येक वर्षी (अव्ययीभाव)

तुम्ही काय शिकलात

• जोशीमठ हे आद्य शंकराचार्यांच्या परंपरेशी जोडलेले, बद्रीनाथच्या वाटेवरचे तीर्थनगर आहे.
• बद्रीनाथ, माणा, हेमकुंड साहिब, फुलांची दरी, औली, तपोवन आणि रैणी ही परिसरातील महत्त्वाची स्थळे आहेत.
• नगर जुन्या दरडीच्या दगडमातीवर वसलेले असल्याचा इशारा १९७६ मध्ये देण्यात आला होता. २०२३ मध्ये जमीन खचून शेकडो कुटुंबे विस्थापित झाली.
• परंपरेने यात्रेला मर्यादा घातली होती. ती मर्यादा ओळखून यात्रा करणे ही प्रत्येक यात्रेकरूची जबाबदारी आहे.

पाठान्त प्रश्न

१. मिश्रा समितीच्या कोणत्याही तीन सूचना लिहा.
२. ‘निसर्गाचा नियमच येथे धर्माचा नियम झाला आहे’ हे विधान स्पष्ट करा.
३. रैणी गावाला वंदन करावे, असे पाठात का म्हटले आहे?
४. ‘यात्रा बंद करा’ असे म्हणणे न्यायाचे का नाही? तुमचे मत सकारण लिहा.
५. पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा : नृसिंहमंदिर, देणीघेणी, महापूर.
६. तुमच्या परिसरातील एखाद्या तीर्थक्षेत्राला किंवा यात्रेला भेट द्या. तेथे पाणी, कचरा आणि गर्दी यांची व्यवस्था कशी आहे, याविषयी १० ते १२ ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १. देवप्रयाग २. चट्टी
(आ) यात्रेकरू मोजके सामान घेई. दररोज थोडे चढल्याने शरीराला विरळ हवेची सवय होई. (डोंगरावर एका वेळी फार भार पडत नसे, हेही उत्तर चालेल.)

२. (अ) १. चूक २. बरोबर ३. चूक
(आ) डोंगर अढळ नसतो. तोही सरकतो, ढासळतो आणि वाट बंद करू शकतो, हे ज्ञान व्यक्त होते.

३. (अ) १ – ग, २ – क, ३ – घ, ४ – ख
(आ) उत्तरेकडील या मंदिराचे मुख्य पुजारी केरळचे असतात. महाराष्ट्रात जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांनी येथील यात्रेकरूंसाठी सोयी केल्या.